पाय मोडका ल

हर्णैला आमच्या गच्चीवर नेट येतं ते
पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तरच.
तिथे एक खुर्ची, पालथ्या घातलेल्या माशांच्या पेटीचं टेबल
आणि सात फोन. एकाची काच फुटलेली.
एक इतका जुना की बनवणाऱ्यांनाही तो आठवत नसेल,
पण कुठेतरी कुणी वाचक तोही वापरतो, म्हणून मीही.

बातम्या पुण्यात होतात.
माझ्याकडे येतात त्या मथळा बसतो का,
फोटो सरकतो का, बटण दाबलं की दाबलं जातं का
एवढं बघायला.

सोडे निवडता निवडता आईने एकदा विचारलं,
"करतंस काय गो दिवसभर?"
म्हटलं, बातमी नीट दिसते का ते बघते.
"नि ती खरी हाय काय?"
म्हटलं, ते दुसरं खातं बघतं.
"बरां," ती म्हणाली, आणि एक खराब सोडा
न बघताच बाजूला टाकला.

यंत्राला अक्षर कळत नाही.
आपण 'क्षि' एका दमात म्हणतो, ते चार मोजतं:
क, मग मोडलेला पाय, मग ष, मग वेलांटी,
जशी कुणी माणसं मोजताना
हात वेगळे मोजावेत, चपला वेगळ्या.
आणि जागा संपली की असेल तिथे सुरी.

जूनमध्येच मी नोंद केली होती:
मथळा लांब असल्यास जोडाक्षर मधोमध कापलं जातं.
पायऱ्या एक ते पाच. सोबत स्क्रीनशॉट.
शेरा आला: किरकोळ. पुढच्या खेपेला बघू.
बरोबरच होतं. तेव्हा मथळा मीच रचलेला होता,
अमुक साहेबांच्या हस्ते तमुक पुलाचं उद्…
हसलो होतो सगळे.

नारळी पौर्णिमेनंतर अकराव्या दिवशी
दुपारी दोन चाळीसला
सातही फोन एकदम थरथरले,
पेटीवर एकमेकांकडे सरकत गेले.
चाचणी नव्हती. चाचणी मी लावते.

हर्णैजवळ नौका उलटली; बेपत्ता खलाशी हसनमियाँ अब्दुल्…

बंदरावर हसनमियाँ तिघे.
अब्दुलकादरचा, अब्दुलगनीचा, अब्दुल्लतीफचा.
तिघेही पहाटे गेलेले, वेगवेगळ्या नौकांवर.
गच्चीवरून मला तिन्ही घरं दिसतात:
एक निळं, एक पत्र्याचं,
आणि एक, मजला चढवायचा म्हणून
वर सळया मोकळ्या सोडलेलं.
दारं एकामागून एक उघडली.
कुणी कुणाला हाक मारली नाही.
बायका उंबऱ्याशी, फोन हातात,
बोटाने ती टिंबं पुढे ढकलत,
उरलेलं नाव त्यांच्यामागे अडकलंय जणू.

मला कळलं होतं.
कादरच्या घरचा ल अख्खा. गनीच्या घरचाही.
पाय मोडेल असा ल
फक्त सळयांच्या घरात.

मी जिन्यापर्यंत गेले.
चौथ्या पायरीवर नेट जातं.
तिथे उभी राहिले आणि आठवलं,
खरं काय ते दुसरं खातं बघतं.
परत आले. टाकीला पाठ लावली.
टाकी गरम होती.

अकरा मिनिटांनी पुण्याने मथळा आखूड केला.
नाव पूर्ण बसलं.
दोन दारं मिटली,
हळूच, कडी न वाजवता.

संध्याकाळी जुनी नोंद उघडली.
रकाना होता: किती वापरकर्त्यांना त्रास?
लिहिलं, तीन घरं. खोडलं.
लिहिलं, एक. तेही खोडलं.

रात्री निनादचा निरोप आला.
मुलगा चांगला आहे, मन लावून काम करतो.
"परत घडवून दाखवता येईल का?"

हो, मी लिहिलं. कुठल्याही फोनवर.
नाव पुरेसं लांब असलं की झालं.